पाच महिने बंद केलेल्या गोळ्या

मी सिटी बसवर कंडक्टर आहे, कोराडी ते बर्डी. आणि मला एचआयव्ही आहे. ही दोन वाक्यं एकाखाली एक लिहायला मला नऊ वर्षं लागली, म्हणून आधी तीच लिहून टाकली.

पुढे जे सांगणार आहे ते जुलाबांबद्दल आहे. कोणाला किळस येत असेल तर इथेच थांबा, माझी हरकत नाही. ज्यांना तेच होतंय आणि घरातसुद्धा बोलता येत नाही, त्यांच्यासाठी मी लिहितेय.

पेट्रोल पंप

उन्हाळा लागायचा होता. सकाळची दुसरी फेरी, बस गच्च भरलेली. मला तेव्हा जुलाब सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. ड्युटीच्या आधी मी काहीच खात नव्हते, कोरा चहा आणि एक टोस. रस्त्यावरचं एकूणएक संडास मला पाठ झालं होतं. कुठल्या पंपावर कडी लागते, कुठे पाणी नसतं, कुठल्या हॉटेलवाल्याची बायको गल्ल्यावर असली की आत जाऊ देते, सगळं.

त्या दिवशी मानकापूरच्या अलीकडे पोटात पीळ पडला आणि मला कळलं की आता वेळ नाही. स्टॉप नव्हता तरी मी घंटी मारली.

"काहून वं ताई? स्टॉप तं लांब आहे अजून," ड्रायव्हर नामदेवभाऊ ओरडले.

"थांबवा भाऊ. थांबवा!"

मी उतरले. पंपाचं संडास वीस पावलांवर होतं. ती वीस पावलं माझ्याच्यानं झाली नाहीत. याहून जास्त लिहीत नाही.

आत जाऊन खाकी सलवार धुतली, पिळली, तशीच ओली घातली. रडू आलं नाही. राग आला, इतका की नळाची तोटी मी उगाचच दोनदा आपटली. त्रेचाळीस वर्षांची बाई मी, एका मुलीची आई, अंगावर सरकारी बिल्ला, आणि भर रस्त्यात ही गत.

बाहेर आले तर बस जागेवरच. नामदेवभाऊ बॉनेट उघडून उभे, आणि प्रवाशांना सांगून राहिले होते, "गरम झाली गाडी. पाच मिनटं लागतीन." माझ्याकडे न बघता त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तिथचा नळ फुटला वाटते, ताई?"

"हाव," मी म्हणाले, "फुटला."

दुपट्टा कमरेला गुंडाळला आणि तिकिटं द्यायला लागले.

नऊ वर्षं

श्वेता माझी मुलगी. तिचे बाबा कोराडीच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला होते. सतत ताप, सतत खोकला. त्यांची तपासणी झाली, मग माझी झाली, मग सात वर्षांच्या श्वेताची. आमची दोघांची पॉझिटिव्ह, तिची निगेटिव्ह. त्याच वर्षी ते गेले. दोन खोल्यांत आम्ही तिघी उरलो: मी, माझी सासू आणि श्वेता.

सासूला मी आई म्हणते. आई मूळ खाप्याच्या. बोलणं कडक आणि थोडकं. मुलाच्या पुण्यानुमोदनाला आलेल्या बायांपैकी कोणीतरी माझ्याकडे बघून कुजबुजली, तेव्हा आईंनी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि सरळ विचारलं, "तुले काही म्हणायचं आहे का? माह्या पोरानं दिलं तिले. तिनं नाही आणलं." त्या बाईनं परत आमच्या घरी पाय ठेवला नाही. मला मात्र त्या एवढंच म्हणाल्या, "आता तू जगून दाखव."

आणि मी दाखवलं. आठ वर्षं एक गोळी चुकली नाही. सरकारी दवाखान्यात एचआयव्हीचं उपचार केंद्र आहे, तिथल्या समुपदेशक बाई नव्या आलेल्या पेशंटला माझ्याशी बोलायला लावायच्या. मी सांगायचे, "गोळी म्हणजे भाकर. रोजची."

मग डेपोत नवे साहेब आले. महिन्यातून एकदा मी अर्धा दिवस सुट्टी घ्यायचे, औषध आणायला. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "दर महिन्याला ठरलेल्या तारखेला कुठे जाता बाई तुम्ही?" लोक हसले. मला उत्तर सुचलं नाही. त्या महिन्यात मी गेलेच नाही.

गोळ्या संपल्या. एक आठवडा झाला, काही झालं नाही. दुसरा झाला. मला वाटलं, बघ, अंग ठीक आहे. दोन महिन्यांनी जायचं म्हटलं तर लाज आडवी आली. मीच लोकांना शिकवणारी, मी कोणत्या तोंडानं जाऊ? घरी आई डबीकडे लक्ष ठेवून असायच्या, म्हणून मी डबीत शक्तीच्या गोळ्या भरून ठेवल्या आणि त्यांच्यासमोर रोज एक गिळत गेले.

हे लिहिताना अजूनही हात थांबतो. पण हेच लिहायचं आहे. बाकी आजार सगळ्यांना होतात.

धंतोली

जुलाबासाठी मी धंतोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात जात होते. सलाईन लावलं की दोन दिवस बरं वाटायचं. संडासची तपासणी दोनदा झाली, दोनदा नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, आतडी नाजूक आहेत, टेन्शन घेऊ नका. औषधं बदलली. दुसरा महिना सरत आला तोवर माझं वजन चोपन्नवरून एक्केचाळीसवर आलं होतं. ब्लाउज खांद्यावरून घसरायचे. श्वेता म्हणायची, "मम्मी, तू डायटिंग करून राहिली का?" आणि स्वतःच गप्प व्हायची.

तिसऱ्यांदा गेले तेव्हा आई सोबत होत्या. डॉक्टरांनी कागद चाळत विचारलं, "आणखी काही आजार? शुगर? बीपी?"

"नाही," मी म्हणाले. पहिल्या दिवसापासून हेच सांगत होते.

"सांगत काहून नाही वं तू?" आई म्हणाल्या. आणि डॉक्टरांकडे वळल्या. "साहेब, हिले एचआयव्ही आहे. नऊ वर्षं झाली."

डॉक्टरांचं पेन थांबलं. खुर्ची जराशी मागे सरकली. एवढंच, जराशी. मग त्यांनी एक चिठ्ठी लिहिली. "हे आधी सांगायला हवं होतं. तुम्ही सरकारी दवाखान्यात जा, तिथल्या उपचार केंद्रात. आजच जा." खुर्ची सरकली त्याचा राग माझ्या मनात अजून आहे. पण आधी सांगायला हवं होतं, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

ऑटोत मी आईंवर बरसले. माझं दुखणं माझं आहे, चारचौघांत सांगायचा तुम्हाला काय अधिकार? त्या बाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "तुह्या लाजेपायी मी नातीले अनाथ करू का?"

ऑटोवाल्याला मी सरकारी दवाखान्याकडे वळवायला सांगितलं.

नाव कळलं तो दिवस

उपचार केंद्रातल्या डॉक्टर मॅडम माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असतील. त्यांनी फाईल उघडली, तारखा बघितल्या.

"पाच महिने?"

"हो."

"पाच महिने एकही गोळी नाही?"

"नाही."

शेजारी आई बसल्या होत्या. त्यांना हे तिथे, त्या खुर्चीवर कळलं. रोज त्यांच्या डोळ्यांसमोर मी गिळत होते ते काय होतं, हे त्यांना त्या क्षणी उमगलं असावं. त्या उठल्या, चप्पल घातली आणि बाहेर गेल्या. धंतोलीत डॉक्टरांची खुर्ची सरकली त्याचंही मला एवढं लागलं नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, "मला रागवायचं आहे, पण ते नंतर. आधी ही डबी घ्या." पुन्हा तीच संडासची डबी. मी म्हटलं, दोनदा झालं, नॉर्मल आहे. त्या म्हणाल्या, "साध्या तपासणीत काही जंतू सहसा सापडत नाहीत. वेगळा रंग वापरून मुद्दाम शोधावे लागतात. आणि ते शोधायचे हे डॉक्टरला कधी सुचेल? तुमचा मूळ आजार माहीत असेल तेव्हा."

दुसऱ्या दिवशी तो सापडला. आयसोस्पोरा नावाचा परजीवी, डोळ्यांना न दिसणारा. खराब पाण्यातून, अन्नातून पोटात जातो. धडधाकट माणसालाही होतो, पण त्याचं पोट काही दिवसांत त्याला हाकलून देतं. माझ्या रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या सैनिकपेशी, ज्या पाचशेच्या वर हव्यात, त्या गोळ्या बंद केल्यामुळे दोन आकड्यांवर आल्या होत्या. हाकलायला घरात कोणी नव्हतंच.

"औषध आहे?" मी विचारलं.

"आहे. जुनी, साधी, इथे फुकट मिळणारी गोळी आहे. पण अंगातलं पाणी आणि क्षार पार गेलेत. दाखल व्हा."

मला खरं तर हसू आलं. दोन महिने मी मनात कॅन्सर धरून चालले होते. श्वेताची बारावी कोण बघेल याचा हिशोब लावून झाला होता. आणि निघाला काय, तर पाण्यातला एक किडा! मी मॅडमना म्हणाले, "एवढ्याशा जीवानं मरायचं असेल तर नाही मरणार मी."

"छान," त्या म्हणाल्या. "मग गोळ्या घ्या."

वॉर्ड

सकाळी सहाला झाडू. सातला सिस्टर येऊन बोटाला सुई. मग चहा, जो मला चालत नव्हता. मग राउंड. कॉटला एक कागद अडकवला होता, त्यावर प्रत्येक जुलाबाला मी एक रेघ मारायची. पहिल्या दिवशी सतरा रेघा. क्षारसंजीवनीचं पाणी एवढं प्यायले की अजून त्या चवीनं अंगावर काटा येतो. तिसऱ्या दिवशी संडासातून परत येताना पायातलं बळ एकदम गेलं. पाय होते, पण माझं ऐकत नव्हते. भिंतीला धरून खाली बसले आणि पहिल्यांदा खरंच भ्याले. रक्तातलं पोटॅशियम उतरलं होतं. सिस्टर आणि समोरच्या कॉटवरच्या पेशंटच्या बहिणीनं मला उचललं. त्या बहिणीला माझा आजार माहीत होता की नाही, कोण जाणे. तिनं काखेत हात घालून ओढलं, तिला तेवढंच पुरेसं होतं.

सगळे तसे नव्हते. एक सफाईवाली बाई माझं भांडं पायानं ढकलायची. आणि चौथ्या दिवशी डोळे उघडले तर कॉटच्या डोक्याशी, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा एक कागद चिकटवलेला. लाल स्केचपेननं माझ्या आजाराचं नाव लिहिलेलं.

उठून बसायला मला बराच वेळ लागला. पण उठले. सलाईनचा हात सांभाळून दुसऱ्या हातानं तो कागद काढला आणि सिस्टरच्या टेबलापर्यंत चालत नेला.

"हा कोणी लावला?"

"काळजी घ्यायला असतो तो, ताई."

"काळजी तर सगळ्यांचीच घ्यायची असते. हातमोजे सगळ्यांसाठी घाला. माझं दुखणं भिंतीवर लावायला कायद्यानं मनाई आहे, हे मी याच दवाखान्यात शिकले. वॉर्डच्या मोठ्या मॅडमना बोलवा."

सिस्टरनं मोठ्या मॅडमना बोलावलं नाही. कागद घेऊन फाडला, कचऱ्यात टाकला आणि हळूच म्हणाली, "चुकलं." कागद परत लागला नाही. मी कॉटवर येऊन पडले तेव्हा घामानं भिजले होते. त्या दिवशी सतराच्या नऊ रेघा झाल्या होत्या.

आई रोज येत होत्या. डब्यात मऊ भात आणि वरणाचं पाणी. चमच्यानं भरवायच्या आणि एक शब्द बोलायच्या नाहीत. शेजारच्या कॉटवाल्या बाईशी मात्र पाऊण तास गप्पा. पाचव्या दिवशी मी म्हणाले, "आई, शिव्या द्या, पण बोला."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "रोज माह्या डोयात पाहून खोटं गिळत होती तू."

"हो."

"आजपासून माह्या हातानं घेशील. तोंड उघडून दाखवशील, लहान पोराले दाखवते तसं."

"दाखवीन."

"अन् श्वेताले सांग. पोट्टी घरी कोपऱ्यात बसून मोबाइलवर तुही लक्षणं शोधून राहिली. तिले कायचं काय सापडून राहिलं."

श्वेता

नऊ वर्षं मी तिला सांगत आले होते की या रक्ताच्या गोळ्या आहेत, मम्मीचं रक्त कमी आहे. ती दुपारी कॉलेजच्या दप्तरासह आली. मी मनात बरंच काही जुळवून ठेवलं होतं. ते सगळं विसरून म्हणाले, "मले एचआयव्ही आहे. तुह्या बाबाले होता."

तिनं विचारलं, "मले?"

"नाही. तुझी दोनदा तपासणी झाली आहे. कागद घरी आहे, दाखवते."

ती बराच वेळ पंख्याकडे बघत राहिली. मी तिचा हात धरायला गेले नाही. नको म्हणाली असती तर मला सोसलं नसतं. मग ती म्हणाली, "मले माहीत होतं. नववीत असताना डबीवरचं नाव शोधलं होतं मी. तू सांगशील म्हणून वाट पाहिली."

आता पंख्याकडे बघायची पाळी माझी होती.

"पण आजारी कशी पडली तू? त्या गोळ्या घेतल्या तर लोक म्हातारे होईपर्यंत जगतात, असं लिहिलं आहे."

मी सांगितलं. पाच महिने, साहेब, हसलेले लोक, डबीतल्या शक्तीच्या गोळ्या. सगळं. तेव्हा तिचा आवाज चढला. पूर्ण वॉर्ड बघायला लागला.

"एका माणसानं विचारलं म्हणून? तू त्याच्यापेक्षा मले जास्त भ्यायला पाहिजे होतं, मम्मी! मी काय केलं असतं? मले विचारायचं तरी होतं!"

ती दप्तर उचलून निघून गेली. मी उशीत तोंड घातलं. डॉक्टर मॅडमनी मला नंतर कधी रागवलंच नाही. गरज उरली नव्हती. तासाभरानं श्वेता परत आली, डोळे सुजलेले, हातात पाण्याची सीलबंद बाटली. कॉटवर माझ्या पायांशी बसली आणि म्हणाली, "सरक."

मी सरकले.

सातवा दिवस

सकाळी संडासातून बाहेर आले आणि मला राहवलं नाही. दारातूनच ओरडले, "सिस्टर! आज बांधून झाली!"

सिस्टर हसली, समोरची बहीण हसली, भांडं पायानं ढकलणारी ती बाईसुद्धा तोंडाला पदर लावून हसली. त्या दिवशी कागदावर एकच रेघ होती. मी ती जाड करून ओढली. लोक परीक्षेच्या निकालावर पेढे वाटतात. मला तेव्हा खरंच वाटावेसे वाटले.

त्यानंतर थोड्या दिवसांनी एचआयव्हीच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. परजीवीवरची गोळीही कमी प्रमाणात चालू ठेवायला सांगितली, सैनिकपेशी वर येईपर्यंत, कारण हा किडा परत येतो. बंद कधी करायची ते मॅडम ठरवणार, मी नाही. हे मी आता शिकले आहे.

तो आला कुठून, हे कळलं नाही. ड्युटीवर मी बाटली कुठेही भरत होते: स्टँडवरची टाकी, हॉटेलचा माठ, पंपाचा नळ. आता आई पहाटे पातेलंभर पाणी उकळतात, खळखळ उकळी आल्यावरही उतरवू देत नाहीत. विहारातल्या एका बाईनं विचारलं, एवढं कायले उकळता? आई म्हणाल्या, "सुनेले लागते." पुढचं विचारायची त्या बाईची हिंमत झाली नाही.

डेपो

दोन महिन्यांनी मी कामावर गेले. वजन सेहेचाळीस. तंदुरुस्तीचा दाखला टेबलावर ठेवला. साहेबांनी तो वाचला, पंखा वाढवला, घसा साफ केला.

"बाई, असं आहे की आमच्या कानावर काही आलं आहे. खरं-खोटं माहीत नाही. तुम्ही आता ऑफिसात बसा. प्रवाशांच्या संपर्कात नको. लोकांचा प्रश्न असतो."

खोलीत दोन कारकून आणि तीन ड्रायव्हर होते. नामदेवभाऊ त्यांत होते. याच खोलीत मागे सगळे हसले होते आणि मला उत्तर सुचलं नव्हतं. या वेळी मी दवाखान्यातून येताना उत्तर जवळ घेऊनच आले होते.

"साहेब, तुमच्या कानावर आलं ते खरं आहे. मला एचआयव्ही आहे. तिकीट दिल्यानं तो होत नाही, हात लागल्यानं होत नाही, एका बाकावर बसल्यानं होत नाही. तरी तुम्हाला मला बसवरून उतरवायचं असेल तर लिहून द्या. रंजनाबाईंना एचआयव्ही आहे म्हणून ड्युटी देत नाही, असं. खाली सही आणि शिक्का."

"तसं लिहून देता येत नाही, बाई."

"मग तसं करताही येत नाही."

कोणी हसलं नाही. साहेब पेपरवेट फिरवत राहिले. मी उभीच राहिले. आठ-आठ तास चालत्या बसमध्ये उभी राहणारी बाई मी, मला उभं राहण्याचा कसला त्रास?

नामदेवभाऊ मागून म्हणाले, "साहेब, माही गाडी खोळंबली आहे. कंडक्टर देता का?"

साहेबांनी रजिस्टर ओढलं आणि माझं नाव लिहिलं. मी दुसरा अर्ज पुढे केला, महिन्यातून अर्ध्या दिवसाच्या सुट्टीचा. मागे कारण म्हणून मी "घरगुती काम" लिहायचे. आता लिहिलं होतं, "औषधोपचार". त्यांनी त्यावरही सही केली, मान वर न करता.

सगळं गोड झालं असं नाही. डेपोतल्या दोघी अजून माझ्या शेजारी डबा उघडत नाहीत. मीही त्यांची वाट बघत नाही. श्वेता कधी कधी अजून अचानक चिडते, पाच महिन्यांवरून, भाजी चिरता चिरता. मी ऐकून घेते. रोज जेवणानंतर एका म्हाताऱ्या बाईसमोर मी तोंड उघडून जीभ वर करते, आणि ती चष्मा लावून आत बघते.

तुम्हीही गोळ्या बंद केल्या असतील आणि आता कोणत्या तोंडानं जायचं असं वाटत असेल, तर याच तोंडानं जा. रागावतील, रागावू द्या. आणि जुलाब थांबत नसतील तर समोरच्या डॉक्टरला आधी मूळ आजार सांगा. त्याची खुर्ची मागे सरकली तर सरकू द्या.

परवा माझा सहा महिन्यांचा रिपोर्ट आला. मॅडमनी तो माझ्याकडे फिरवून दाखवला: विषाणू मोजता येण्याइतका नाही. त्या म्हणाल्या, "आज घरी जाऊन आराम करा, रंजनाताई, साजरा करा."

माझी दुपारची पाळी होती. मी वेळेवर पोचले.